मंडई, खंजिरी आणि आपला मांडव
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुम्ही झाडीपट्टीच्या लेकी, गावोगावच्या गाण्याबजावण्यावर तुम्ही नाही बोलायचे तर कोणी बोलायचे?" म्हणून उभी राहिले आहे. पुस्तकातले थोडे सांगेन, डोळ्यांनी पाहिलेले जास्त सांगेन.

विषय घ्यायला कारणही तसेच आहे. आपला वर्धापनदिन जवळ आला. मागच्या सभेत दोन सूचना आल्या. एक, साउंडवाल्याला बोलवावे, तयार गाणी लावावीत. काम स्वस्तात आणि निर्धास्त होते. दुसरी, खेड्यातली खरी कलावंत मंडळी बोलवावीत. दुसऱ्या सूचनेवर कुजबुज झाली आणि मागच्या रांगेतून एक वाक्य आले, "तसल्या स्टेजवरच्या बाया आपल्या मंडळात कशाला?" कोण बोलले ते मला पाहायचे नाही. परंतु ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि निर्णय आज घ्यायचा आहे. म्हणून आधी ही मंडळी कोण, कशी जगतात, काय वाजवतात, ते ऐकून घ्यावे आणि मग हात वर करावे, एवढीच माझी विनंती.

माझे माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून निघाला आणि गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून. जिल्हे वेगळे झाले तरी बोली एक आणि धान एक. रान दाट, तलाव पुष्कळ, पैसा कमी. आमची झाडीबोली ऐकून नागपुरात लोक हसतात, कारण आमच्या तोंडी 'ण' येत नाही, 'पाणी'चे 'पानी' होते. हसू द्या. याच 'पानी' म्हणणाऱ्या माणसांनी एक अख्खी रंगभूमी आपल्या जिवावर चालवली आहे.

दिवाळीत धान कापणीला येते, आणि भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडई सुरू होते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे बरे! ती गावाची जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. त्या दिवशी चौकात दंडार होते, खडी गंमत होते. खडी गंमतीला पडदा नाही, रंगमंच नाही. मधोमध कलावंत उभे, चहूकडे माणसे. उभ्याउभ्या चालते म्हणून तिला खडी म्हणतात. ढोलकी, डफ, तुणतुणे, टाळ एवढा संसार. शाहीर गातो, बाकीचे झील धरतात, मध्येच सोंगाड्या पोट धरून हसवतो. लुगडे नेसून नाचणारा पुरुषच असतो, आणि तो पदर असा सावरतो की आपल्यालाही जमू नये. त्याच हसवण्यात सावकाराला चिमटा असतो, दारू पिणाऱ्याला टोला असतो, हुंडा मागणाऱ्याची फजिती असते. ज्या बाईला वाचता येत नव्हते, तिला हे सगळे गाण्यातून कळत असे.

मग येते नाटक. पूर्वी गावात शंकरपट भरत असे, म्हणजे बैलांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा रिवाज. लांबलांबून माणसे बैल घेऊन आली, तर रात्र काढणार कुठे? नाटकात! बाया गोधडी, पोरे आणि भाकरी घेऊन मांडवात येत. नाटक रात्री दहा-अकराला उभे राहते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. आजही चालते. नागपूरच्या नाट्यगृहात प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून रडगाणे आपण ऐकतो. तिकडे मात्र एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन मांडव लागतात आणि तिन्ही भरतात.

या सगळ्याची पेठ म्हणजे वडसा, म्हणजेच देसाईगंज. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की वडसा. नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे, बोर्ड तिथे. गावोगावची तरुण मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथे जातात, नाटक ठरवतात, तारीख ठरवतात, विसार देतात. गावाने मांडव घालायचा, तिकिटे विकायची. नफा झाला तर देवळाला, शाळेला किंवा गावाच्या कामाला. तोटा झाला तर पोरांच्या खिशाला. कलावंताचा पैसा नाइटवर ठरतो, म्हणजे जितक्या रात्री उभे राहाल तितके. उन्हाळा लागला की हंगाम संपला. मग तोच नट शेतावर, तोच तबलजी मजुरीवर, कोणी पानठेल्यावर, कोणी शाळेत मास्तर. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. ५,०००च्या वर प्रयोग आणि ८०० भूमिका त्यांच्या नावावर सांगतात. गडचिरोलीच्या रानातल्या माणसाला दिल्लीने मान दिला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले. अन् आपल्या नागपुरात कित्येकांना त्यांचे नावही माहीत नव्हते. पिकते तिथे विकत नाही, ते असे.

आता वाजवणाऱ्यांविषयी सांगते, कारण नटाचे नाव बोर्डावर असते आणि यांचे बहुधा नसते. रंगमंचाच्या पुढ्यात ही मंडळी बसतात. आधी पेटी-तबला होता, मग ऑर्गन आला, आता ऑक्टोपॅड नावाचे विजेचे वाद्यही आले. नांदी झाली की रात्रभर त्यांना उठणे नाही. पात्र गाणे स्वतः गाते. मागून रेकॉर्ड लावलेली नसते. महिनाभर रोज रात्री गायल्यावर गळा बसणारच. अशा वेळी पेटीवाला काय करतो ठाऊक आहे? नटीच्या पहिल्याच ओळीवर त्याला कळते की आज आवाज चढणार नाही. तो सूर हळूच खाली घेतो. तिचा दम तुटला तर तबलजी एक आवर्तन वाढवून तिला श्वास घेऊ देतो. समोर बाया रडू लागल्या तर तेच कडवे पुन्हा वाजते. माझ्या भगिनींनो, मशीन हे करील काय? मशीन आपले गाणे म्हणते आणि पुढे जाते. समोर कोणी हसले की रडले, त्याला त्याचे काय?

आता त्या वाक्याकडे येते. माझी एक मामेबहीण या नाटकांत गाते. तिचे नाव मी घेत नाही, पण गोष्ट खरी आहे. बाप लवकर गेला, पाठीवर दोन भाऊ. शेत दीड एकर, तेही पावसाच्या भरवशाचे. गळा देवाने दिलेला. ती अठराव्या वर्षी नाटकात उभी राहिली. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळे गाव. पहाटे नाटक संपते, तोंडाचा रंग पुसून गाडीत बसायचे, गाडीतच झोपायचे, दुपारी नव्या गावी उतरायचे, कोणाच्या पडवीत जेवायचे, संध्याकाळी पुन्हा रंग. दोन्ही भाऊ तिने शिकवले. एक आज नोकरीला आहे. त्या भावाच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारले, "बहीण लग्नात राहणार का?" का विचारले ते तुम्हांला कळले असेल. ती राहिली नाही. आदल्या दिवशी हळदीला येऊन, आहेर ठेवून, रात्रीच्या नाटकाला निघून गेली. त्या रात्री तिने नाटकातल्या थोरल्या बहिणीचे काम केले आणि मांडवातल्या सगळ्या बाया रडल्या. तिच्यासाठी रडल्या आणि तिलाच लग्नातून वगळले. हा कुठला न्याय?

पूर्वी बाईचे काम पुरुष करीत, तेव्हा कोणी त्यांना 'तसले' म्हटले नाही. बाई स्वतः उभी राहिली आणि शब्द बदलला. आपल्यापैकी कोणी मेसचे डबे करते, कोणी शिवण शिवते, कोणी दुकानात उभी राहते. घामाचा पैसा आपण ओळखतो. गळ्याला घाम येत नाही असे थोडेच आहे?

मी सगळे गोडच सांगणार नाही. या नाटकांत अलीकडे दोन प्रवेशांच्या मध्ये रेकॉर्ड डान्स घुसला आहे. काही ठिकाणी विनोद असा असतो की मुलीजवळ बसून ऐकवत नाही. जुनी जाणती मंडळीही यावर नाराज आहेत. पण मला सांगा, हे कोण मागते? शिट्टी वाजवणाऱ्या दहा जणांच्या आवाजाने मंडळीवाला ठरवतो की लोकांना हेच हवे. चांगले मागणाऱ्या बाया गप्प बसतात. आपण मागणारे झालो, तर देणारे आहेत. कार्यक्रम ठरवताना "आम्हांला जुनी नाट्यगीते, गोंधळ, भारूड, खडी गंमत पाहिजे, नाच नको" असे स्पष्ट सांगितले की ते आनंदाने करतात. उलट त्यांना हायसे वाटते.

या लोकांचे पोट किती पातळ दोरीवर आहे तेही पाहा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. मुक्या जनावरांच्या हालांविषयी बोलणे चूक नव्हते; पण पटाच्या आधाराने जी नाटके लागत, त्यांचा आधार गेला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ साली न्यायालयाने ती कायम केली. त्यामधेच २०२० सालची टाळेबंदी आली. मांडव नाही, माणसे नाहीत, नाइट नाही. आमच्या गावच्या एका तबलजीने त्या वर्षी तबला गहाण टाकला. कारागिराने हत्यार गहाण टाकावे, यापरते काय वाईट? पुढच्या वर्षी गावाने चार-चार पायल्या धान गोळा करून तो सोडवला. गावाला कळले होते की तबला त्याचा असला तरी रात्र आपली आहे.

हे झाले झाडीपट्टीचे. पण वऱ्हाड काय, नागपूरचा मुलूख काय, कुठलेही गाव गाण्यावाचून नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, जन्म १९०९चा. शाळेत फार शिकले नव्हते. पण हातात खंजिरी घेतली आणि गावेच्या गावे जागी केली. खंजिरी म्हणजे काय, लाकडाचे एक कडे, त्यावर कातडे आणि कडेला झांजा. पोत्यात मावेल एवढे वाद्य. तीच खंजिरी घेऊन ते १९५५ साली जपानच्या परिषदेला जाऊन आले. त्याच साली त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. १९६८ साली ते गेले. पण आजही खेड्यात संध्याकाळी दहा माणसे जमून खंजिरी भजन करतात, त्याच्या स्पर्धा लागतात, आणि बायांची भजनी मंडळे त्यात बक्षिसे मिळवतात. गाडगेबाबांकडे तर पेटीही नव्हती. कीर्तन करता करता ते समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारीत आणि माणसांकडूनच उत्तर काढून घेत. आपल्या नागपूर विद्यापीठाला आज तुकडोजी महाराजांचे नाव आहे आणि अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे. मोठमोठ्या पदव्यांवर ज्यांचे नाव छापले जाते, ते दोघे चौकात उभे राहून गाणारे होते. हे लक्षात ठेवा आणि मग 'चौकातले गाणे' म्हणून नाक मुरडा.

माझी मुलगी कॉलेजात आहे. तिने मला मोबाईलवर वाचून दाखवलेली एक गोष्ट सांगते. अमेरिकेच्या दक्षिण भागात ब्रिस्टल नावाचे एक लहान शहर आहे. अर्धे एका राज्यात, अर्धे दुसऱ्या. मधून रस्ता जातो. १९२७ साली एक ध्वनिमुद्रिकांची कंपनी तिथे आली आणि आसपासच्या डोंगराळ गावांतील गाणाऱ्यांना बोलावले. कार्टर घराण्यातली तीन माणसे मोडक्या रस्त्याने तिथे आली. एक पुरुष, त्याची बायको सारा आणि तिची जाऊ मेबेल. साराजवळ तान्हे मूल. मेबेल अठरा वर्षांची, गर्भार. शेतकरी घरातल्या बाया. घरात ऐकलेली, चर्चमध्ये म्हटलेली गाणी त्या गायल्या. एका गाण्याला ५० डॉलर मिळाले म्हणतात. त्या मुद्रिका देशभर गेल्या. मेबेल ज्या तऱ्हेने गिटार वाजवी, ती तऱ्हा पुढे असंख्य वादकांनी उचलली. १९९८ साली त्या देशाच्या लोकसभेने ठराव करून त्या गावाला त्या संगीताचे जन्मगाव म्हटले, आणि २०१४ साली तिथे संग्रहालय उघडले. मेबेलचा जन्मही १९०९चाच. इकडे यावलीला खंजिरीवाला जन्मला, तिकडे डोंगरात गिटारवाली जन्मली. तिचे गाणे कोणीतरी ऐकायला आले म्हणून जगले. आपल्या ओव्या ऐकायला कोण आले?

तर ते आपणच यायचे आहे. आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या सहा आजी आहेत. त्यांतल्या प्रत्येकीच्या पोटात गाणी आहेत. जात्यावरच्या ओव्या, पंचमीची गाणी, महादेवाच्या यात्रेची गाणी. भुलाबाई आठवते ना? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी मुली भुलाबाई गायच्या, टिपऱ्या वाजायच्या आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. आता आमच्या गल्लीत दोनच घरी भुलाबाई बसते, तीही मोबाईलवर गाणे लावून. मोबाईल गातो आणि मुली ऐकतात. अहो, मग खिरापत मोबाईललाच द्यावी!

काही अडचणी सांगितल्या जातील, त्यांचाही विचार मी केला आहे. पहिली अडचण खर्चाची. अख्खे नाटक आणणे आपल्याला झेपणार नाही, आणि रात्रभर ते चालवताही येणार नाही, कारण रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, असा २००० सालापासून नियम आहे. म्हणून मी नाटक म्हणतच नाही. एक पेटी, एक तबला, दोन गळे; नाहीतर खंजिरी भजनाची सात-आठ माणसे; दुपारी ४ ते ७. आपले अंगण एवढेसे आहे, तिथे भोंगा लागतच नाही. भोंग्याचे आणि दिव्यांच्या माळांचे भाडे वाचले की निम्मी बिदागी तिथेच निघते. दुसरी अडचण, ही माणसे वेळेवर येतील का? तिकडे रोज रात्री चाळीस-चाळीस किलोमीटरवरून येऊन ती वेळेवर उभी राहतात; आपल्याकडे का येणार नाहीत? पूर्वी इतवारीहून नागभीडला छोटी गाडी जात असे, ती रूळ रुंद करण्यासाठी २०१९ साली बंद झाली. पण उमरेड-भिवापूरवरून एसटी आहेच. त्यांचे भाडे आपण आधी पाठवायचे, म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट अडचण नव्हे, पण सांगते. आपल्याकडे लग्नात वाजंत्र्याला सगळ्यांत शेवटी जेवायला बसवतात, तेही मांडवाबाहेर. सकाळपासून फुंकून ज्याचे गाल दुखले, त्याच्या पानात थंड भात. आणि पैसे देताना "थोडे कमी करा" म्हणून घासाघीस. बँडचे, डीजेचे बिल आपण मुकाट्याने देतो. सनईवाल्यापुढे मात्र हिशेब आठवतो. हे आपल्या मंडळात होता कामा नये.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, यंदाच्या वर्धापनदिनाला जिवंत गाणे ठेवावे. दुसरी, कलावंत आले की आधी त्यांचे जेवण, पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी. आणि ठरलेली बिदागी पाकिटात घालून कार्यक्रम संपताच हातात. तिसरी, कार्यक्रमपत्रिकेवर गाणारीचे, पेटीवाल्याचे, तबलजीचे, सगळ्यांची नावे छापावीत. जशी आपण देणगीदारांची छापतो. चौथी, एक दोनशे पानी वही आणावी. दर शनिवारी एका आजीकडे जाऊन तिची गाणी लिहून घ्यावीत, खाली तिचे नाव घालावे, आणि चाल विसरू नये म्हणून निदान दोन मुलींनी ती तिच्याजवळ बसून म्हणायला शिकावी. लिहून घ्यायचे काम मी करते. माझे अक्षर बरे आहे.

आणि माझ्या मामेबहिणीला मी विचारून ठेवले आहे. तिने एवढेच म्हटले, "यीन, पन मले बायांच्या पंगतीत बसवशीन का?" मी तिला अजून उत्तर दिलेले नाही, कारण उत्तर माझ्या एकटीचे नाही, आपणा सर्वांचे आहे.

 अध्यक्षीणबाईंनी आता सूचना मतास टाकावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.